दोन खऱ्या, एक खोटी

सावंतकाका जायच्या अकरा दिवस आधी आम्हाला सांगून गेले होते.

आम्ही हसलो.

आज वर्ष झालं. हे लिहायची हिंमतच होत नव्हती.

परळच्या आमच्या ऑफिसात काका डिस्पॅचला होते. राहायला लालबाग, मूळचे मालवणचे. दर शुक्रवारी चार वाजता एचआर आमचे 'टीम गेम' घ्यायचं. मला तो प्रकार डोक्यात जायचा. इथे मान वर करायला वेळ नाही, आणि हे म्हणतात फुगे फोडा!

काका मात्र दुपारपासून तयार. "चला गो, कामा काय, मरेपर्यंत आसतच!"

त्यांनी ओढून नेलं म्हणून मी गेले. खोटं कशाला बोलू, मजा यायची. ज्या बॉसशी मी फक्त ईमेलवर बोलायचे, त्याला मी लंगडीत आऊट केलंय.

त्या शुक्रवारचा खेळ सोपा होता. स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या, एक खोटी. बाकीच्यांनी खोटी ओळखायची.

काका बोटं मोजत म्हणाले,
"एक. माझ्या लग्नाची वरात डबल डेकरमधून निघाली.
दोन. मालवणचो असून माका पोहूक येत नाय.
तीन. हल्ली जिना चढताना छातीत कळ येते."

"तिसरी खोटी!" सगळ्यात आधी मी ओरडले.

लिफ्ट सोडून रोज चार मजले चढणारा माणूस हो! कोणाला खरं वाटेल?

काका जरा थांबले. माझ्याकडे बघितलं. मग हसले.

"बरोबर ओळखलंस गो. हुशार आसस."

टाळ्या पडल्या. मला चॉकलेट मिळालं. मी ते खाल्लं.

अकरा दिवसांनी, मंगळवारी सकाळी, काका ऑफिसच्या जिन्यात कोसळले. हॉस्पिटलला पोचेपर्यंत संपलं होतं.

मनात पाल चुकचुकली. पण मी स्वतःला गप्प केलं. काका स्वतःच 'बरोबर' म्हणाले होते ना?

बाराव्याला त्यांच्या घरी गेलो. काकूंना जरा बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "काकू, तुमची वरात डबल डेकरमधून निघाली होती ना?"

काकू बघतच राहिल्या. "कसली वरात? आमचं रजिस्टर लग्न."

म्हणजे खोटी ती पहिली होती. तिसरी खरी.

त्यानंतर ऑफिसातले खेळ बंद झाले. कोणी हसत हसत काही बोललं की माझ्या छातीत धस्स व्हायचं. आई म्हणाली "मेले बाई कामाने," तर मी तिला सरळ डॉक्टरकडे नेलं.

गेल्या महिन्यात हिंमत करून काकूंना सगळं सांगितलं. वाटलं, आता हाकलून देतील.

काकू म्हणाल्या, "माका कधी सांगूक नाय. खेळात का होईना, तुमका तरी सांगल्यानी."

दुसऱ्या दिवशी मी एचआरकडे गेले. खेळ परत सुरू करा म्हटलं. हो, मीच.

कारण मीटिंगमध्ये कोण सांगणार हो, माझ्या छातीत दुखतं म्हणून?

गेल्या शुक्रवारी तोच खेळ ठेवला. एक नवीन मुलगी, नाव नाही लिहीत, हसत म्हणाली, "तीन. महिनाभर मला झोप नाही. सकाळी उठावंसंच वाटत नाही."

सगळे ओरडले, "तिसरी खोटी!"

तीही म्हणाली, "करेक्ट!"

खेळ संपल्यावर तिला पॅन्ट्रीत गाठलं. विचारायचीसुद्धा भीती वाटत होती. ती हो म्हणाली तर?

"तिसरी खरी आहे ना गं?"

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली.

काल तिच्याबरोबर डॉक्टरकडे जाऊन आले. तिला विचारूनच हे लिहितेय.

काका, भीती गेलेली नाही. पण विचारायला शिकले. तुम्हाला विचारलं नाही, ते मात्र राहिलंच.

माफ करा. शेवटचा नमस्कार, सावंतकाका.