साहेब येईपर्यंत आप्पा

माझा धंदा स्पीकरचा. शिरूर-दौंडात सभा कुणाचीही असो, माईक आपलाच! वीस वर्षं वायरी गुंडाळतोय, त्यांच्याबरोबर किस्सेही गुंडाळले गेलेत. बरेचसे आप्पांचे.

आप्पा केंदूरकडचे कांदेवाले शेतकरी. सभेत ‘साहेब येईपर्यंत’ बोलायचं काम त्यांचं. साहेबांना उशीर होणारच, तोवर पब्लिक उठू द्यायचं न्हाई. रस्त्यावर गाड्यांचा धुरळा दिसला की आप्पा वाक्य अर्ध्यात तोडून ओरडणार, “आले! आले!” आन् मागच्या शिडीनं खाली. साहेब पुढच्या गालिच्यावरून वर येणार आन् म्हणणार, “उशीर झाला, माफ करा.” आप्पांनी जन्मात एक भाषण पुरं केलं न्हाई!

यंदा आप्पाच सरपंचपदाला उभे राहिले. मला म्हणाले, “लेका, दुसऱ्यासाठी लई मतं मागितली. सोतासाठी तोंड उघडंल का, ह्येचीच धास्ती हाय.”

*

वरवंडला एकदा साहेब तीन तास आलेच न्हाईत. उन्हं कलली. आप्पांचं पाणी, वीज, रस्ते सगळं बोलून संपलं. मग आपल्या विहिरीवर आले. लहानपणी तळाशी उतरून वर बघितलं की आभाळ कसं भाकरीएवढं दिसायचं, पाणी कसं हळूच बोलायचं... अख्खी सभा विहिरीत उतरली! मीसुद्धा. साहेब स्टेजवर चढले तरी टाळी न्हाई.

“झोपलेत का सगळे?” साहेब वैतागले.

पुढची म्हातारी म्हणाली, “गप ऱ्हावा की जरा! आप्पा अजून वर यायचेत.”

*

दौंडला सभा रुळांजवळ. भाषण रंगात आलं आन् मालगाडी आली. आप्पांनी हात वर केला तो तसाच ठेवला. डबे संपेचनात. लोकं आप्पांच्या हाताकडं बघत बसली. गाडी गेली, सगळं शांत झालं. आप्पांनी हात खाली घेतला आन् म्हणाले, “तर...”

काय टाळ्या पडल्या राव! आप्पांचं सगळ्यात गाजलेलं भाषण तेच.

*

एका कंपनीच्या गेटवर बिहारचा एक कामगार डोळे मिटून आप्पांचं भाषण ऐकत होता. मी विचारलं, “समझा क्या?”

“कुछ नहीं. पर बंद मत करवाना, भैया.”

*

आप्पांच्या प्रचाराची शेवटची सभा. शाळेचं पटांगण, कोवळं ऊन. आप्पा असे बोलले की पाखरंसुद्धा गप्प. मग मत मागायची वेळ आली आन् आप्पा थांबले. सवयीनं रस्त्याकडं बघायला लागले. रस्ता रिकामा. लोकंही माना वळवून तिकडंच बघायला लागली!

एक मिनिट गेलं. दोन गेली. गेलं इलेक्शन!

तेवढ्यात बायकांतून आप्पांच्या मंडळी, म्हणजे आमच्या काकू, उठल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच सभेला आलेल्या. पदर खोचला आन् ओरडल्या, “आले! आले!”

आप्पा दचकले. सवयीनं मागच्या शिडीनं खाली उतरले. खाली क्षणभर उभे राहिले, टोपी नीट केली, स्टेजला वळसा घातला आन् पुढच्या गालिच्यावरून सावकाश वर आले.

माईक हातात घेतला.

“उशीर झाला,” म्हणाले, “माफ करा.”