आत्याची बियाण्याची अंबाडी

आमच्या ओट्यावर किस्से जमायला कारण लागत न्हाई. जवळा बाजार गावच्या बाजाराला जायचा रस्ता घरासमोरूनच. ज्याचे पाय दुखले तो ओट्यावर टेकते, पाणी मागते, अन् जाताना कायतरी गंमत सोडून जाते. मी दहावीत दोनदा गचकलेलो, त्यामुळं दिवसभर ओट्यावरच ड्युटी. गणितातलं एक सूत्र ध्यानात न्हाई, पण हे सगळं बराबर ध्यानात हाय.

ओटा तसा आत्याचा. शेवंताआत्या, माझ्या बापाची मोठी बहीण. तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे कडेनं मांडून त्यात ती मिरची, पुदिना, अंबाडी लावायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अन् तपकीर ओढून ओढून नाक कामातून गेलेलं. पण हात असा, की काडी खोचली तरी पालवी फुटायची.

*

एकदा मी बाजारातून एक वांगं आणलं अन् दोऱ्यानं मिरचीच्या झाडाला बांधून टाकलं. आत्यानं पाणी घालताना हात फिरवला अन् जागच्या जागी थबकली. अर्धी गल्ली बोलावून आणली. बाया वाकून वाकून पाहून राहिल्या, दोरा सगळ्यांना दिसला, पण आत्याचं तोंड इतकं फुललेलं की कोणाच्यानं सांगवंना. शेवटी वांगं सुकल्यावर गाठ तिच्या बोटाला लागली.

त्या दिवशी घरात भरल्या वांग्याची भाजी झाली. सगळ्यांना दोन-दोन, मला दोरा!

*

मग तो गोसावी. मृगाचा पाऊस पडून गेलेला, आत्यानं एका डब्यात अंबाडीचं बी टाकलेलं. दुपारी एक गोसावी ओट्यावर टेकला. आत्यानं भाकर-ठेचा दिला, तो जेवला, चिलीम काढली अन् ओढायच्या आधी आतलं जुनं सगळं त्या डब्यावर ठोकून ठोकून रिकामं केलं. राख पडली, काडीकचरा पडला.

मी म्हणलं, "महाराज, ते कचऱ्याचा डबा न्हाई."

तो म्हणला, "बच्चा, मिट्टी में डाला है. मिट्टी सब संभाल लेती है."

मातीनं खरंच सांभाळलं. पंधरा दिवसांत अंबाडी उगवली, अन् अंबाडीत एक झाड असं, की बाकीची त्याच्यापुढं लेकरंच. पान तसंच, बोटं फाकल्यासारखं. आत्यानं बाकीची खुडून भाजी केली अन् ते एकटं ठेवलं. आमच्याकडं सगळ्यात जोमदार झाड खायचं न्हाई, बियाण्याला सोडायचं. मग त्याला कोणी हात लावायचा न्हाई, पाहुणा आला तरी न्हाई, दुष्काळ पडला तरी न्हाई.

आत्या शेजारणींना सांगायची, "नजर-बिजर मी मानत न्हाई. पण तुमी उगाच टक लावून पाहू नका."

*

माझा दोस्त शकील. त्याचा मामा वारंगा फाट्यावर गाड्या धुवायचा, त्यामुळं शकीलला जगातलं सगळं माहीत. एक दिवस तो ओट्यावर बसला, हवेत वास हुंगला, डब्यापाशी गेला अन् तसाच उलटा मागं आला.

"तुझ्या आत्यानं गांजा काहून लावला रे?"

मी हसलो. त्यानं शप्पथ घेतली. म्हणला, याच वासापायी फाट्यावर पोलिसांनी एक ट्रकवाला दिवसभर उन्हात बसवला होता. मग मी नाक लावलं. अंबाडीला असला वास नसते. झाड मांडीएवढं बी न्हाई, अन् शेंड्याला केसाळ तुरे सुटलेले. अंबाडीला तर पिवळं फूल येते.

खरं म्हणजे तवाच सांगायला पाहिजे होतं. पण आत्या रोज त्याला तांदळाचं धुवण घालायची, पानं ओल्या फडक्यानं पुसायची, अन् मला आतून अशा गुदगुल्या व्हायच्या की काय सांगू. म्हणलं, चार दिवस मजा पाहू. चाराचे वीस झाले.

*

तेवढ्यात आमच्या शेळीनं दावं तोडलं अन् त्या झाडाचा खालचा सगळा पाला ओरबाडला. आत्या काठी घेऊन धावली, पण शेळी पळाली न्हाई. भिंतीकडं तोंड करून उभी राहिली ती दिवस कलेपर्यंत उभीच. एरवी धार काढताना लाथ मारणारी, त्या दिवशी आत्याच्या खांद्यावर मान टाकली.

आत्या म्हणली, "जनावर असून तिला पस्तावा झाला. शिक काहीतरी."

*

शेजारी बँकेतला एक साहेब भाड्यानं राहायला आला होता, पार पुण्याकडचा. पहिल्याच आठवडी बाजारात त्यानं पाहिलं, एक म्हातारी पोत्यावर अंबाडीच्या जुड्यांचा ढीग लावून बसलेली. साहेबानं अंबाडी जन्मात पाहिली नव्हती, तसलंच ते दुसरं, गांजाचं पान मात्र पेपरात पाहिलेलं. त्याला घामच फुटला. म्हातारीजवळ वाकून हळूच म्हणला, "आजी, गांजा असा उघड्यावर विकता?"

म्हातारी म्हणली, "मग काय गोधडीत घालून विकू?"

हे साऱ्या बाजारानं ऐकलं. तवापासून साहेब दिसला की पोरं विचारायची, आज गांजाची भाजी की मेथीची. लई हसलो आमी. मी तर सगळ्यांच्या पुढं. मला काय माहीत, ते हसणं माझ्याच गळ्यात येणार हाय.

*

आता छबूताईचं सांगायला पाहिजे. आत्याची एकुलती एक पोरगी. तिला पोलिसात जायचं होतं. तीन वर्सं ती औंढ्याच्या रस्त्यानं सकाळी पळायची, भावकी नावं ठेवायची, अन् संध्याकाळी विहारात बसून पेपर सोडवायची. दोनदा थोडक्यात हुकली. वय संपत आलेलं, ही शेवटची भरती. त्यासाठी चार महिने हिंगोलीला मैत्रिणीपाशी राहिली. अन् निवड झाली! घरी आली ती पत्र घेऊनच. फक्त एक राहिलं होतं: चारित्र्य पडताळणी. म्हणजे ठाण्यातून माणूस येणार, घर पाहणार, घरच्यांना विचारणार, कागद वर पाठवणार.

घर पाहणार म्हणजे ओटा बी पाहणार.

मी त्याच दुपारी ताईला कोपऱ्यात घेतलं. म्हणलं, ताई, डब्यातलं झाड अंबाडी न्हाई, गांजा हाय. आईशप्पथ.

ती ओट्याकडं वळली बी न्हाई. "बँकेतल्या साहेबानं सांगितलं का?" अन् पत्र पुन्हा वाचत बसली.

आत्याला सांगितलं, तर तिनं वांग्याची आठवण काढली. शकीलला साक्षीला आणलं, तर आत्या म्हणली, एक खोटं बोलायला आता दोघं लागून राहिले का. मग म्हणलं, गुपचूप उपटू. डब्याला हात घातला न घातला तोच काठी मनगटावर. "बियाण्याला हात लावला तर हात मोडीन." त्या दिवसापासून ती तांदूळ निवडायला, तपकीर ओढायला, सगळ्याला डब्यापाशीच बसायला लागली. मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलून राहिलो होतो, अन् गिऱ्हाईकच भेटंना.

*

अन् शुक्रवारी सकाळी फाटकापाशी मोटरसायकल थांबली. हवालदार. पिकलेल्या मिशा, बगलंत फाईल. आत्यानं ओट्यावरच खुर्ची टाकली, त्या डब्यापासून दोन हातावर. मी पाण्याचा तांब्या घेऊन मधी उभा राहिलो, झाड झाकायला. हवालदार म्हणला, बाळा, उजेड सोड.

मी सरकलो.

त्यानं नाव, गाव, शिक्षण लिहिलं. पोरीवर कुठं केस? न्हाई. भांडणतंटा? न्हाई. मग आत्याला विचारलं, घरात काही बेकायदेशीर धंदा?

आत्या म्हणली, "धंद्याला टाईम कुठं हाय साहेब. दिवसभर या डब्यांचंच करणं होते."

त्यानं हसून डब्यांकडं पाहिलं. हसू तिथंच थांबलं. उठला, एक पान चुरगाळलं, बोटं नाकाला लावली. मग ताईनं त्या झाडाकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. मग माझ्याकडं. तिचा चेहरा असा पांढरा पडला, की मला वाटलं हिनं मला दोन हाणल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे कोणी लावलं?" हवालदारानं विचारलं.

ताई पुढं झाली. म्हणली, "साहेब, घर आमचं हाय. जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. आईला दिसत न्हाई."

मला वाटलं संपलं. माझ्या तोंडून सगळं भडाभडा निघालं. गोसावी, चिलीम, शकील, वीस दिवसांची मजा. म्हणलं, मला न्या, ताईला काही करू नका, ती तीन वर्सं पळाली हाय. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडं लई वेळ पाहिलं, ताईच्या पायातल्या झिजलेल्या बुटांकडं त्याहून जास्त. मग खुर्चीत बसला, पेनाचं टोपण काढलं अन् कागदावर दोन ओळी लिहिल्या. खाली सही केली. कागद ताईकडं फिरवून म्हणला, "वाचून घ्या, मॅडम."

ताईला तोवर कोणी मॅडम म्हणलं नव्हतं. तिनं मोठ्यानं वाचलं, 'घरात आक्षेपार्ह काही आढळले नाही', अन् तिथंच खाली बसली.

हवालदारानं ते झाड मुळासकट उपटलं, माती डब्यात झटकली, जुन्या पेपरात गुंडाळलं अन् डिक्कीत कोंबलं. आत्या एवढा वेळ माझीच वटवट समजून गप होती, पण मुळं तुटल्याचा आवाज तिला बराबर कळला. बियाणं गेलं. मी डोळे मिटले.

तिनं थोडा इचार केला. मग मोटरसायकल चालू व्हायच्या आत फाटकापर्यंत गेली अन् म्हणली, "न्या साहेब, पोरीचं काम केलं तुमी. पण पयलं उकळलेलं पाणी टाकून द्या बरं का. अन् बाईंना सांगा, थोड्या कण्या घाला, घरच्या सगळ्यांना पुरंल."