वाघळांची चिंच

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेनगावला जीप भरायची वाट बघत होतो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी राग आला. दोन वर्षं मी ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं, तो माणूस जाब न देताच निघून गेला...

गोरेगावात आमची शेतं लागून. त्याच्या विहिरीवर जुनी चिंच, तिला दिवसभर वाघळं उलटी लटकलेली. मला आवडायचा बुलबुल, तुरा फुलवून गाणारा, लाल बुडाचा. वाघळांचा वास आणि किचकिचाट नको व्हायचा. दत्ता हसायचा. "दोघंबी उंबरंच खातेत. बुलबुल दिवसा, वाघूळ राती. पण तुहा बुलबुल बिया इथंच बांधावर टाकतो, वाघूळ पार दुसऱ्या शिवारात नेतं. काहून नाक मुरडतो?" हळूहळू मलाही पटलं. पुढं गावात तापाची साथ आली. लोक म्हणू लागले, वाघळांनीच आणली, चिंच तोडा. दत्ता म्हणाला, "तू बोल, तुहं ऐकतेत. चिंचेला मी हात लागू देणार न्हाई." मी ग्रामसभेत भांडलो. पोरंसोरं मला वाघळ्या म्हणू लागली. म्हणेनात का, दत्ताचा शब्द होता.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी हिंगोलीला गेलो. परत आलो तर विहिरीवर नुसतं आभाळ. दत्तानंच माणसं लावून चिंच पाडली होती. त्याच्या नातीला ताप आला, सुनेनं धसका घेतला, घरात कुणी जेवेना... हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तो एवढंच म्हणाला, "लिंबोणीवरलं बुलबुलाचं घरटं राखलं ना तुह्यासाठी." जणू मी लेकरू, खुळखुळा दिला की गप्प बसणारं. केसानं गळा कापला यानं माझा, साऱ्या गावात तोंडघशी पाडलं. नातीपुढं चिंच काय मोठी? आधी एक फोन केला असता तर मीच म्हणालो असतो, पाड बाबा.

परवा दत्ताच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. गच्चीच्या कठड्यावर पिकला पेरू कापून ठेवलेला. मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "चिंच पडल्यापासून रोज सांजच्याला ठेवायचे. म्हणायचे, वाघळं फिरून येतील, माफ करतील मला. एक बी आलं न्हाई. सकाळी बुलबुलच खाऊन जातेत. आता मी ठेवते."

त्या कठड्यावरून माझं अंगण दिसतं... हाकेच्या अंतरावर. वाघळांची रोज माफी मागितली यानं. मला एकदाही हाक मारली नाही.