बोटभर तेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं दुसरं काही लपून राहत नाही. तुला सांगतोय ते मन हलकं करायला नव्हे. डोकं फिरलंय माझं, म्हणून सांगतोय.

परवा चौक गावातल्या माझ्या गॅरेजवर कर्जतकडचा एक मेकॅनिक आला. म्हणाला, उस्ताद, पॅकिंगला तेल लावायची तुमची युक्ती भारी, आता आम्ही सगळे तसंच करतो. तुमची युक्ती — ऐकतोयस ना? आणि मी हसलो. वर चहा पाजला त्याला. काय म्हणावं माझ्यासारख्या माणसाला?

युक्ती काशिनाथची. डोंगराखालच्या आदिवासी ठाकूरवाडीतला काशिनाथ पळसदरीच्या पलीकडे एका रिसॉर्टच्या तळ्यावर बोट चालवायचा. बोटीला जुनं डिझेल इंजिन, त्याच्या वरच्या झाकणाखाली बुचाचं पॅकिंग. हे बूच कोरडं पडलं की आकसतं, तडकतं, मग झाकणाखालून तेल गळतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बोट चार महिने शेडमध्ये उभी. तेव्हा काशिनाथ दर शनिवारी झाकण उचलून पॅकिंगवर बोटाने पातळसं तेल फिरवायचा. जास्त झालं तर फडक्याने टिपून घ्यायचा. कुणी शिकवलं त्याला? कुणी नाही. मधाच्या बाटलीचं बूच सुकून फुटतं, ते बघून त्याचं तो शिकला.

मी तिथला मेकॅनिक, आयटीआय केलेला, महिन्यातून एकदा जाणारा. एकदा रिसॉर्टचे शेठ माझ्यासमोर म्हणाले, आमच्या काशिनाथमुळे इंजिनातून थेंब गळत नाही. एवढंच म्हणाले रे — पण मला झोंबलं. शिकलेला मी, आणि कौतुक त्याचं? तिथल्या तिथे मी तोंड उघडलं. काशिनाथला म्हटलं, तेलाने पॅकिंग फुगतं, हे बंद कर. खोटं होतं ते. मला माहीत होतं खोटं आहे, उगाच चूक झाली म्हणणार नाही. काशिनाथने बोट फडक्याला पुसलं आणि "बरं भाऊ" म्हणाला.

उन्हाळाभर त्या बुचाला तेल लागलं नाही. पावसाने तळं भरल्यावर बोट पाण्यात सोडली. पहिल्याच रविवारी तळ्याच्या मधोमध पॅकिंग तडकलं, तेल तापलेल्या सायलेन्सरवर गळलं आणि धूर झाला. बोटीत आठ पाहुणे. एक बाई घाबरून उठल्या, पडल्या, मनगट मोडलं त्यांचं. काशिनाथने इंजिन बंद केलं, सगळ्यांना खाली बसवलं आणि वल्ह्याने बोट काठाला आणली.

शेठनी मला बोलावून विचारलं, पॅकिंग तडकलं कसं? काशिनाथ तिथेच उभा होता. मी म्हणालो — मी तर तेल लावत जा म्हणून सांगितलं होतं, विसरला असेल. ही माणसं, तुम्हाला माहीतच आहे.

ही माणसं. माझ्या या तोंडाने म्हणालो मी हे.

"भाऊ, तुमीच बोल्ला व्हतात नं, तेल नको म्हून?" काशिनाथ म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. आणि शेठ तरी? ते स्वतः तिथे होते, त्यांच्या कानांनी ऐकलं होतं — एका शब्दाने विचारलं नाही मला. खोटं इतकं बिनबोभाट चालतं कसं, याचा मला आजही संताप येतो. पण संताप करणारा मी कोण? ते चालेल हे ठाऊक होतं, म्हणूनच तर बोललो.

काशिनाथला त्याच दिवशी काढलं. आता तो नेरळला इमारतींच्या कामावर सिमेंटच्या गोण्या वाहतो. कधी रस्त्यात दिसला तर मी गाडीचा वेग वाढवतो.

जाण्याआधी तो शेडमध्ये आला होता. मी नवीन पॅकिंग बसवत होतो. त्याने तेलाची त्याची छोटी बाटली माझ्याशेजारी ठेवली. म्हणाला, "नवं हाय भाऊ. सुकू देऊ नका."

तो गेल्यावर मी त्याच बाटलीतलं तेल बोटावर घेतलं आणि बुचाच्या कडेने फिरवलं. शेठ मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, वा, ही तुमची पद्धत वाटतं?

मी हो म्हणालो.