बासचा खोका आणि नाखव्याची राळ

बशीतला कप किणकिणायला लागला, तसा मी तो उचलून हातात धरला. मोरेश्वरने बासची सगळ्यांत जाड तार पुन्हा एकदा छेडली. मागच्या फळीवरचे स्क्रूचे डबे हलले.

“भाऊ, हाच पायजे,” तो म्हणाला.

“मोरू, माझं दुकान दहा बाय बाराचं आहे. इथे डास गुणगुणला तरी भारी वाटतो.”

“तुमी काय पन बोला. मना आवाज पायजे. शनिवारी आवाज नाय आला तर रविवारपासून मी घरी.”

अलिबागला माझं अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं आणि विक्रीचं दुकान आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. मोरेश्वर माझा जुना गिऱ्हाईक. मुरुडच्या कोळीवाड्यात राहतो, दिवसा होडीवर जातो आणि लग्नसराईत सलीमभाईंच्या बेंजो पार्टीत बास गिटार वाजवतो. किहीमपासून म्हसळ्यापर्यंत ज्या हळदीत ही पार्टी असते, तिथे बायका पदर खोचून नाचतात.

बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिच्यावर गाणं वाजत नाही. ती गाण्याच्या खाली असते. सारातल्या आमसुलासारखं तिचं काम: दिसत नाही, पण नसलं की जेवणारे एकमेकांकडे बघतात. मोरेश्वरचा बास गेले काही महिने असाच नाहीसा झाला होता. नाचणाऱ्यांचे पाय उचलत नव्हते. शेवटी सलीमभाईंनी सांगून टाकलं, “शनिवारी किहीमला हळद आहे. तिथे बास ऐकू आला तर ठीक. नाहीतर कीबोर्डवर डाव्या हाताने मीच वाजवीन.”

“बावीस वर्सं वाजवतोय मी, भाऊ,” मोरेश्वर म्हणाला. “आता काय टाळ घेऊन मागं उभा राहू?” एवढा सहा फुटी माणूस, पण बोलताना त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

अशा वेळी मी तीन प्रश्न विचारायला हवे होते. मी दोनच विचारले.

“हेड किती वॅटचं?”

“दोनशे.”

“वाजवता कुठे? हॉलमध्ये की उघड्यावर?”

“उघड्यावरच. वाडीत नायतर किनाऱ्याला. तुळशीच्या लग्नापासून असाच चाललाय, भाऊ.”

हे शेवटचं वाक्य त्याने आपणहून सांगितलं होतं. मी ते ऐकलंच नाही. मी तोवर पाचशे वॅटच्या हेडचा खोका फोडायला घेतला होता. मला सगळं माहीत आहे असं मला वाटतं, तेव्हा माझ्या कानांना सुट्टी असते. हे मत बायकोचं आहे, पण या बाबतीत मी ते मान्य करतो.

बासच्या सामानाचे तीन भाग असतात. गिटार, हेड आणि कॅबिनेट. हेड म्हणजे जोर देणारं यंत्र, वॅट म्हणजे त्याचा जोर. कॅबिनेट म्हणजे स्पीकर बसवलेली लाकडी पेटी. आमच्याकडे तिला सरळ खोका म्हणतात. बंद खोलीत भिंती बासचा आवाज परत आणून देतात. उघड्यावर तो समुद्राकडे निघून जातो, म्हणून तिथे जोर जास्त लागतो. हे सगळं मी मोरेश्वरला ऐटीत समजावलं आणि पाचशे वॅटचं हेड ट्रायलवर दिलं.

त्याचा डोळा भिंतीवरच्या पाच तारांच्या गिटारवर होता. “ही घेऊ काय?”

“तुझ्या चार ऐकू येईनात, पाचवी कशाला? त्या जुन्या तारा कधी बदलल्यास?”

“तुटल्याच नाय कदी.”

खाऱ्या हवेने त्या तारांवर गंज चढला होता. मी नवा सेट चढवून दिला, तेव्हा माझी बोटं तांबडी झाली. गिटार मात्र चांगली होती, मान सरळ, लाकूड सुकं. ती बदलायचं कारण नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी फोन आला. “भाऊ, पत्र्यावर टकटक केल्यागत वाजतंय. सलीमभाई हसले.”

“बासचा नॉब?”

“पुरा फिरवलाय.”

मग मी ठरवलं की दोष खोक्याचा. त्याचा खोका पंधरा इंची एका स्पीकरचा, बारा वर्षांचा. माझ्याकडे दहा इंची चार स्पीकरचा एक नवा होता. शनिवारी सकाळी तो टेम्पोत घातला आणि मीच मुरुडला गेलो. भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा जड. कोळीवाड्याच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही, तेव्हा मी आणि ड्रायव्हर तो उचलून मोरेश्वरच्या दारापर्यंत घेऊन गेलो. माझं वय बासष्ट. दर दहा पावलांवर मी लोकांच्या ओट्यांची पाहणी करत थांबत होतो.

गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईंचा टेम्पो अर्धा भरून उभा होता. सलीमभाई म्हणजे पार्टीचे मालक. पांढरा इस्त्रीचा सदरा, डोळ्यांत सुरमा, आवाज मऊ. माझ्या मागोमाग तेही मोरेश्वरच्या दारापर्यंत आले.

“भाऊ, हे काय? फ्रिज आणलात?”

“बासचा खोका आहे.”

“ठेवू कुठे? ढोल, बेंजो, जनरेटर, वर आम्ही सहा माणसं. आणि रोज उचलायचा कोणी? मोरूची कंबर मागच्या वर्षी धरली होती.” मग हळू आवाजात म्हणाले, “भाऊ, मोरू मला सख्ख्या भावासारखा. पण पब्लिक नाचत नाही, त्याला मी काय करू? अकरा वाजता निघायचंय.”

ते टेम्पोकडे परत गेले. साडेदहा झाले होते. जुना खोका तरी बघू म्हणून मी घरात शिरलो आणि बघतच राहिलो. खोका निळाजर्द होता. कडेने तांबडा पट्टा. वर पांढऱ्या अक्षरांत, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर लिहितात तसं, ठळक लिहिलेलं होतं: मोरेश्वर.

“बाबांनी रंगवला,” मोरेश्वर ओशाळून म्हणाला. “होडीचा रंग उरलेला.”

बाबा म्हणजे त्याचे वडील. सगळा कोळीवाडा त्यांना नाखवा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, होडीवर जाणं बंद, पण हात स्वस्थ बसत नाहीत. तेव्हाही ते उंबऱ्याजवळ बसून जाळं सांधत होते. मी आलो तेव्हा त्यांनी मान हलवली होती, तेवढीच.

रंगाने आवाज जात नाही. मी मोरेश्वरला त्याचं जुनं हेड जोडून वाजवायला सांगितलं आणि खोक्यापुढे तळहात धरला. स्पीकर हलत होता. पण खालच्या बाजूला काहीच लागेना. या जातीच्या खोक्याला पुढून, खाली, मुद्दाम एक गोल भोक ठेवलेलं असतं. स्पीकर आत-बाहेर हलला की त्या भोकातून हवा जोराने बाहेर पडते आणि बासचा खरा जाडेपणा तिथूनच येतो. तिथे हाताला वारा लागायला हवा. मी पुढच्या जाळीचे स्क्रू काढले.

भोक नव्हतं. गुळगुळीत, निळं, सपाट. ठोकून बघितलं तर दगडासारखं लागलं.

“मोरू, इथलं भोक कुठे गेलं?”

उंबऱ्यावरून उत्तर आलं. “भरला ना मी.”

आम्ही दोघंही वळलो.

“येवढा मोठा भोक व्हता,” नाखवा जाळ्यावरची नजर न उचलता म्हणाले. “खारा वारा जाऊन आतला सगला कुजला असता. होडी भरतो तसा भरला. कापूस ठोकला, वर तेलात कढवलेली राल घातली. दोन हात रंग. आता येक थेंब आत जायाचा न्हाय.”

“कधी भरलात?”

“पावसात. होड्या वर व्हत्या तवा.”

पावसाळ्यात भोक बुजलं आणि तुळशीच्या लग्नाला सीझन सुरू झाला तो बासशिवाय. तुळशीच्या लग्नाचं तर मोरेश्वरने मला बुधवारीच दुकानात सांगितलं होतं. मी कपाळाला हात लावला. पाचशे वॅट काय, पाच हजार दिले असते तरी टकटकच आली असती.

“पाच मिनिटांचं काम आहे,” मी म्हणालो. “स्क्रू ड्रायव्हर घालून फोडून टाकतो.”

मोरेश्वरने माझा दंड धरला आणि मला मागच्या पडवीत ओढत नेलं.

“भाऊ, राहू दे.”

“राहू दे म्हणजे?”

“आयुष्यभर त्यांनी माज्या बासला डबडा म्हनला. डबडा वाजवून काय पोट भरनार, हाच ऐकलाय मी. पयल्यांदा त्यांनी त्याला हात लावला. माजा नाव घातला त्याच्यावर. आता कसा सांगू, की बाबा, तुमी वाट लावली? नाय सांगनार. पार्टी गेली तर गेली.”

बाहेर सलीमभाईंचा हॉर्न वाजला.

मला गोड बोलता येत नाही. पण मोरेश्वरच्या बावीस वर्षांवर मी एका न ऐकलेल्या वाक्यापायी पाणी सोडणार नव्हतो. मी जाऊन नाखव्यांशेजारी बसकण मारली. दुसरं काही येत नव्हतं म्हणून धंद्याचंच बोललो.

“नाखवा, काम चोख आहे. मी इतका घट्ट खोका पाहिला नाही.”

“पन्नास वर्सं होड्या भरल्या, मेस्त्री.”

“म्हणूनच पंचाईत झालीय. जरा हात द्या.”

दाराबाहेर माझा नवा खोका पडला होता. मोरेश्वरची वायर मी त्याला जोडली. नाखव्यांचा तळहात त्याच्या भोकापुढे धरला आणि मोरेश्वरला खूण केली. त्याने नाइलाजाने तार छेडली. नाखव्यांनी हात झटकन मागे घेतला.

“यो वारा कुठना आला?”

“आतून. जाड सूर या भोकातून बाहेर येतो.”

मग त्यांना घरात आणून निळ्या खोक्यापुढे बसवलं. मोरेश्वरने वाजवलं. नाखव्यांनी हात धरला. वर धरला, खाली धरला. आपल्याच रंगावरून बोट फिरवलं. मोरेश्वर जमिनीकडे बघत होता.

“होडीला पन भोक असतो, मेस्त्री,” नाखवा म्हणाले. “तलाला. होडी वर खेचली का आतला पानी काढाला उघडायचा. दर्यात लोटायच्या आधी बूच मारायचा. मना वाटला, ह्याचा बूच हरवला. पोरगा येंधला, हरवला आसंल.”

मी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि मोरेश्वरकडे बघून म्हणाले, “माजी पटाशी आन रं. आनि तोंड वर कर. काय मेला न्हाय कोन.”

वीस मिनिटं लागली. राळेचे तुकडे उडत होते आणि आतून कापसाची वात निघतच होती, मारुतीच्या शेपटीसारखी. अकरा वाजून गेले. सलीमभाई ओरडायला म्हणून आत आले आणि दाराशीच बघत उभे राहिले. शेवटचा गोळा निघाला तशी नाखव्यांनी भोकाची कड अंगठ्याने साफ केली.

“वाजव.”

मोरेश्वरने जाड तार छेडली. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ताटं थरथरली. मांजर खिडकीतून गेलं. शेजारची बाई ओट्यावर येऊन “काय झाला, काय झाला” विचारायला लागली.

“हेड कोणतं जोडलंस?” सलीमभाईंनी विचारलं. “भाऊंचं नवं?”

“आपलाच. जुना. खोका पन जुनाच.”

सलीमभाई क्षणभर निळ्या खोक्याकडे, त्यावरच्या नावाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग बघताय काय? टेम्पोत घाला. उशीर झाला.”

नाखवा जाळ्याकडे परतले होते. “बरा वाजतो डबडा,” ते जाळ्यालाच म्हणाले. मोरेश्वर कितीतरी वेळ पाठमोरा उभा राहून, सुरात असलेलीच तार पुन्हा सुरात लावत राहिला.

किहीमला मी त्यांच्याबरोबर गेलो. एकच काम केलं. खोका वाळूत मधोमध न ठेवता घराच्या जोत्याला पाठ लावून ठेवला, म्हणजे एक भिंत तरी आवाज परत देईल. ऊन कलताना पार्टी सुरू झाली. दुसऱ्या गाण्याला नवऱ्याच्या आत्याने पदर खोचला, तिसऱ्याला ताशी पन्नास किलोमीटरने धावत आल्यासारखी सगळी वाडी आली. मी सलीमभाईंचा डावा हात बघत होतो. तो त्यांच्या मांडीवर निवांत पडला होता.

जाताना ते मला म्हणाले, “भाऊ, माझा डावा हात तसाही दुखतो.”

पाचशेचं हेड आणि नवा खोका दोन्ही माझ्या दुकानात परत आले. या सगळ्या उठाठेवीत माझा एक तारांचा सेट खपला.

आठ दिवसांनी मोरेश्वर आला. नाखव्यांनी खोक्याला लाकडी बूच करून दिलं होतं. निळं, गोल, आणि हरवू नये म्हणून जाळ्याच्या दोरीने खोक्याला बांधलेलं. वाजवण्याआधी काढायचं, घरी आलं की लावायचं, असा हुकूम होता. आता कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी सलीमभाई माइकवर घसा साफ करतात आणि मागे वळून विचारतात, “मोरू, बूच काढलंस?”

मीही शिकलो. कोणी खोका किंवा हेड घ्यायला आलं की पहिला प्रश्न, “कधीपासून?” दुसरा, “घरी सामानाची काळजी कोण घेतं?” वॅट तिसरे. विक्री थोडी कमी झाली आहे.

मोरेश्वरने त्या दिवशी पिशवीतून दुसरं एक बूच काढून काउंटरवर ठेवलं होतं. “बाबांनी दिलंय. बोलले, मेस्त्रीच्या खोक्याला पन भोक हाय आनि त्याचा पन बूच हरवलाय.” ते माझ्या नव्या खोक्याला बरोब्बर बसलं. त्या दिवशी भोकापुढे एकदा हात धरला होता, तेवढ्यावरून घेतलेलं माप होतं ते. माझं दुकान समुद्रापासून चांगलं लांब आहे, तिथे खारं वारं फारसं येत नाही. तरी शटर ओढण्याआधी मी ते बूच लावतो.