वांगी माजली त्या साली

सासऱ्यांशी मी बोलत नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. सुनेनं सासऱ्यांशी तोंड उघडायचं नाही. काय असेल ते सासूबाईंच्या कानावर घालायचं, त्यांनी पुढं पोचवायचं. असल्या रीतीवर घर कसंबसं चालतं, मळा चालत नाही.

माझं माहेर पिंगळीचं, भाजीपाल्याचं. वडील विहिरीचं पाणी आधी जिभेवर घेऊन बघत. गावाच्या पांढरीला, म्हणजे वस्तीच्या जमिनीला, लागून असलेल्या विहिरीचं पाणी खारट असतं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या गोठ्यांचं सत्त्व त्यात मुरलेलं असतं. "ह्या पाण्यातच खत हाय," म्हणायचे. रोप वाढेस्तोवर खारं पाणी, फुलावर आलं की मोट गोड्या विहिरीवर. एवढं साधं होतं.

सासरीही अशाच दोन विहिरी होत्या, एक खारी, एक गोडी. निजामी जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. ग्रामसेवकानं साखरेसारख्या पांढऱ्या खताचं पोतं आणून दिलं आणि झाडाला चिमूटभर घालायला सांगितलं. माघात नणंदेचं लग्न होतं. पंगतीला वांगं आपल्याच मळ्याचं असेल, असं सासऱ्यांनी व्याह्यांना छातीठोक सांगून ठेवलेलं. पण झाडापाशी वाकणार कोण? पाण्याबरोबर विरघळत जाईल म्हणून त्यांनी अख्खं पोतंच पाटाच्या तोंडाशी बांधलं, तेही खाऱ्या विहिरीच्या पाटात!

मी सासूबाईंना म्हटलं, "मामांना सांगा, खाऱ्या पाण्यातच खत हाय, वरून घालू नका. आन्‌ आता रोप फुलावर आलंय, गोडं पाणी द्या."

त्या गेल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई म्हणायलीय, खतानं खारं पाणी गोड व्हतंय."

मी आतून ऐकलं आणि कपाळावर हात मारला. सासरे मात्र खूश. "लय हुशार हाय पोरगी," म्हणाले, आणि दुसरं पोतं घेऊन आले.

वांगी माजली. झाडं कमरेला लागायला लागली, पानं काळीभोर. येणारा-जाणारा बांधावर थांबून वाखाणायचा आणि माझा संताप व्हायचा. फूल एक तर धरेना, धरलं की गळे. जास्तीच्या खतानं नुसता पालाच पाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी पेडगावहून गाडीभर वांगी आणावी लागली. पंगतीत व्याही म्हणाले, "वांगं लय झाक हाय तुमच्या मळ्याचं."

"मंग! पाण्याची करामत हाय," सासरे म्हणाले.

मी तिथंच भाजी वाढत होते. "पेडगावची हायत," मी थेट त्यांच्याकडं बघून म्हटलं.

सासूबाईंच्या हातातला पदर तोंडावर गेला. व्याह्यांनी मान खाली घालून घास मोडला. मला भीती वाटली, पण खरं सांगायचं तर बरंही लय वाटलं.

सासऱ्यांनी पानातलं वांगं बोटानं फोडून बघितलं. मग हातभर अंतरावर उभ्या असलेल्या मला ओलांडून सासूबाईंना म्हणाले, "तिला सांग, पुढच्या साली पाटाचं तीच बघंल."