शेवाळीचा सूड

शाळेच्या वयात डबक्यात हात घालून हिरवं पाणी बाटलीत भरायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं शेवाळी. मोठेपणी ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि त्याच हिरव्या पाण्यातून इंधन काढायला लागली. नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ टाक्यांत वाढवायचं, त्यातल्या स्टार्चची साखर करायची, ती यीस्टने आंबवायची आणि शेवटी इथेनॉल गाळायचं. भरपूर स्टार्च धरणारं वाण तिने वर्षानुवर्षं निवडून तयार केलं होतं. थोरल्या भावाने बंद पडलेला रंगाचा कारखाना घेऊन तिथे प्लांट उभारला. दादाच तर आहे, म्हणून तिने काही लिहून घेतलं नाही.

प्लांट चालला आणि दादा फिरला. एका सकाळी वॉचमनने तिला गेटवरच अडवलं. कामगार बघत होते. दादा बाहेर येऊन म्हणाला, "घरी बस आता. शेवाळ काय, डबक्यातही वाढतं."

ती रडली नाही. मूळ वाणाची बरणी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. ती जिवंत ठेवून तिने वाट बघितली. उघड्या टाक्यांत शेवाळ खाणारे बारीक जीव कधीतरी शिरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शिरलेच. टाक्या तपकिरी पडल्या, घाण सुटली. दादा आईला मध्ये घालून घरी आला.

"झालं गेलं विसर. बरणी दे."

"आधी गेटवर सगळ्यांसमोर सांग, वाण कोणाचं ते."

दुसऱ्या दिवशी दादाने मान खाली घालून सांगितलं.

"मोठ्याने," ती म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितलं, "माझ्या बहिणीचं." तिने शांतपणे ऐकलं, बरणी पिशवीत ठेवली आणि स्कूटर सुरू केली.

"अगं, बरणी?"

"डबक्यात शोध!"

प्लांट भंगारात गेला. आई म्हणाली, "सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास."

"दिला," ती म्हणाली. त्यानंतर आईने तिच्याशी बोलणं टाकलं. ते मात्र तिला लागलं.

तिने दुसऱ्या एका डिस्टिलरीशी भागीदारी केली, दादाचे जुने कामगार बोलावून घेतले. पहिल्या इथेनॉलचा कॅन तिने दादाच्या घरी धाडला. तो न उघडताच परत आला. ड्रायव्हर ओशाळून उभा होता.

"दारात कोण आलं होतं?" तिने विचारलं.

"साहेब स्वतः."

"चेहरा कसा होता? नीट सांग," म्हणत तिने त्याच्यासाठी खुर्ची ओढली.